घटक ६ : थकलेले देयक आणि लवाद-कलमाची भाषा

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, व्यावहारिक मराठीच्या या अभ्यासक्रमात आपण अर्ज, इतिवृत्त, निविदा-सूचना आणि करारपत्र या लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला आहे. करारपत्र हाती आले की बहुतेकांची नजर रक्कम, मुदत आणि सह्या या तीन ठिकाणी जाते. शेवटच्या पानावर ‘वाद उद्भवल्यास’ अशा शब्दांनी सुरू होणारे एक कलम असते. ते वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. काम सुरळीत पार पडले तर त्या कलमाची कोणास आठवणही होत नाही. पैसे थकले, म्हणजे मात्र साऱ्या करारातून आधी तेच कलम शोधावे लागते.

या घटकात आपण बांधकाम-करारातील याच कलमाचा अभ्यास करणार आहोत. कोणते कलम खरोखर लवादाचे आहे आणि कोणते केवळ तसे भासते, हे आपणांस भाषेच्या आधारे ओळखता यावे. लवाद-कलम असताना न्यायालयात दावा लावल्यास आणि नसताना लावल्यास काय घडते, हे सांगता यावे. आणि असे कलम स्वतः निर्दोष मराठीत लिहिता यावे, एवढी या घटकाची उद्दिष्टे आहेत. आपल्यापैकी कोणी बांधकाम व्यवसायात असतील, कोणी कार्यालयांत करारांचे मसुदे हाताळत असतील, कोणी स्वतःचे घर बांधून घेत असतील. त्या सर्वांचा या विषयाशी थेट संबंध आहे. प्रत्यक्ष वादात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो. परंतु सही करण्यापूर्वी कलम वाचणे हे काम वकील आपल्या वतीने करीत नाही.

६.२ पैसे कोठे अडकतात

बांधकामाचा मोबदला एकदम दिला जात नाही. काम जसजसे पुढे सरकते तसतशी मोजमापे घेतली जातात, ती मोजमाप-पुस्तकात नोंदली जातात आणि त्यांच्या आधारे चालू देयके सादर होतात. प्रत्येक देयकातून काही टक्के रक्कम अनामत म्हणून राखून ठेवतात. काम संपल्यावर ठरावीक काळ दोष-दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर असते आणि ती संपली की अनामत परत करावयाची असते. शेवटी अंतिम देयक होते. ही साखळी जेथे तुटते तेथे वाद सुरू होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिक्षणसंस्थेने वसतिगृहावर नवा मजला चढविण्याचे काम ४८ लाख रुपयांस एका कंत्राटदारास दिले. काम चालू असताना संस्थेच्या तोंडी सूचनेवरून त्याने पाण्याची टाकी व संरक्षक भिंत असे साडेतीन लाखांचे जादा काम केले. संस्थेने ४० लाख ५० हजार रुपये दिले आणि पुढे हात आखडता घेतला. आता ११ लाख रुपये थकले आहेत : अनामतीचे २ लाख ४० हजार, अंतिम देयकाचे ५ लाख १० हजार आणि जादा कामाचे ३ लाख ५० हजार. संस्था म्हणते, छत गळते, काम चार महिने उशिरा झाले, आणि जादा कामास आम्ही लेखी मंजुरी दिलीच नव्हती. कंत्राटदार म्हणतो, नकाशेच उशिरा मिळाले. सिमेंटच्या व्यापाऱ्याचा तगादा आणि गवंड्यांची मजुरी यांचा भार त्याच्या डोक्यावर आहे.

या तिन्ही रकमा एकाच जातीच्या नाहीत, हे येथेच लक्षात घ्यावे. अनामत ही कंत्राटदाराने मिळविलेली, परंतु रोखून धरलेली रक्कम आहे. अंतिम देयक मोजमापांवर ठरते. जादा काम करारात नाहीच. ते मागताना मंजुरीचा पुरावा लागतो. तो नसला तरी वाट पूर्णपणे बंद होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार, जे काम फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि ज्याचा लाभ दुसऱ्याने घेतला, त्याची भरपाई मागता येते. संस्था त्या टाकीतील पाणी रोज वापरत असेल, तर हा मुद्दा दुबळा म्हणता येणार नाही.

कंत्राटदाराने दाद कोठे मागावी? याचे उत्तर ११ लाखांच्या आकड्यात सापडत नाही. ते वाद-कलमाच्या क्रियापदात असते.

६.३ पंच, राजीनामा आणि निवाडा

लवाद ही कल्पना इंग्रजी कायद्याबरोबर आपल्याकडे आली, असा एक समज आहे. मराठी दफ्तरे तो खोटा ठरवितात. गोतसभा आणि पंचायत यांच्यासमोर वतनाचे, शेताच्या बांधाचे, देण्याघेण्याचे तंटे चालत. निर्णय झाल्यावर महजर किंवा निवाडपत्र लिहून दिले जाई. यातील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पंच बसण्यापूर्वी उभय पक्षांकडून ‘पंच ठरवितील ते आम्हांस मान्य’ अशा आशयाचे लेखी संमतिपत्र घेत. त्यास राजीनामा म्हणत. राजी असल्याचा नामा, तो राजीनामा. आज आपण हा शब्द नोकरी किंवा पद सोडण्याच्या पत्रासाठी वापरतो आणि त्यातील मूळची राजीखुशी विसरून जातो.

पेशवाईच्या अस्तानंतर कंपनी सरकारने १८२७ च्या मुंबई विनियमांत लवादासाठी स्वतंत्र तरतूद केली. पुढे १८९९, १९४० आणि १९९६ असे अधिनियम झाले. सध्या लागू असलेला अधिनियम म्हणजे ‘लवाद व समेट अधिनियम, १९९६’. त्यात २०१५, २०१९ आणि २०२१ साली दुरुस्त्या झाल्या आहेत. या साऱ्या प्रवासात एक सूत्र कायम राहिले : लवादाचा अधिकार पक्षकारांच्या संमतीतून येतो. न्यायालयास राज्यसत्तेने अधिकार दिलेला असतो, लवादास आपण देतो. म्हणूनच ती संमती कोणत्या शब्दांत दिली आहे, याची न्यायालये इतकी बारकाईने छाननी करतात.

मराठीत ‘लवाद’ हा शब्द पद्धतीलाही लागतो आणि निर्णय करणाऱ्या व्यक्तीलाही. मसुदा लिहिताना याने घोटाळा होऊ शकतो. ‘लवाद नेमणे’ आणि ‘लवादाकडे जाणे’ यांत संदर्भ स्पष्ट असतो. परंतु ‘लवादाचा खर्च’ म्हणजे व्यक्तीचे शुल्क की संपूर्ण कार्यवाहीचा खर्च? अशा ठिकाणी ‘लवादाचे शुल्क’ आणि ‘लवाद-कार्यवाहीचा खर्च’ असे वेगळे लिहावे.

६.४ क्रियापदाचे वजन

अधिनियमाच्या कलम ७ नुसार लवाद-करार लेखी असला पाहिजे. तो मूळ करारातील एक कलम म्हणून असू शकतो किंवा स्वतंत्रही असू शकतो. पत्रव्यवहारातून, इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या देवाणघेवाणीतूनही तो सिद्ध होऊ शकतो. ‘लवाद’ हा शब्द असलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि तो शब्द आला म्हणजे लवाद-करार झाला असेही नाही. पुढील चार नमुने सावकाश वाचा.

(अ) ‘या करारातून किंवा करारासंबंधी उद्भवणारा कोणताही वाद लवाद व समेट अधिनियम, १९९६ अन्वये एकमेव लवादाकडे सोपविण्यात येईल आणि लवादाचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक राहील.’

(आ) ‘वाद उद्भवल्यास व उभय पक्षांची तशी इच्छा असल्यास तो लवादाकडे सोपविता येईल.’

(इ) ‘कामासंबंधीच्या सर्व प्रश्नांवर वास्तुविशारदाचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील.’

(ई) ‘वाद सामोपचाराने मिटविण्यात येईल, न मिटल्यास पुणे येथील न्यायालयांस अधिकार राहील.’

(अ) आणि (आ) यांत ‘लवादाकडे’ हा शब्द समान आहे. फरक ‘सोपविण्यात येईल’ आणि ‘सोपविता येईल’ यांत आहे. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात शक्यता. मराठीचा कानही हा भेद ओळखतो : ‘मुलास शाळेत पाठविण्यात येईल’ हा निर्णय झाला, ‘मुलास शाळेत पाठविता येईल’ ही अजून सोय आहे, निर्णय व्हावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता’ या २००० सालच्या निर्णयात अशाच वैकल्पिक शब्दयोजनेचा अर्थ लावला आणि वाद उद्भवल्यावर पुन्हा नवी संमती घेतल्याखेरीज लवाद होऊ शकत नाही, असे ठरविले. ‘जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर’ (२००७) या भागीदारीतील तंट्यात ‘पक्षकारांनी तसे ठरविल्यास’ अशी अट कलमात होती. तेही लवाद-करार नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पैसे बुडविणारा पक्ष वाद उद्भवल्यावर लवादास संमती देईल, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. म्हणून (आ) प्रकारचे कलम लिहिणे म्हणजे जागा अडविणे होय.

(इ) हे कलम अधिक फसवे आहे. ‘अंतिम’, ‘बंधनकारक’ ही वजनदार विशेषणे पाहून वाचकास वाटते की येथे निवाडा होणार. परंतु निवाड्यासाठी दोन्ही बाजू ऐकून घेणे, पुरावा पाहणे आणि निष्पक्षपणे निर्णय देणे अभिप्रेत असते. वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने कामाच्या दर्जाविषयी दिलेले मत हे देखरेखीचा भाग असू शकते. ‘ओरिसा राज्य विरुद्ध दामोदर दास’ या खटल्यात अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील असे सांगणारे कलम लवाद-कलम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे ‘बिहार राज्य खनिज विकास महामंडळ विरुद्ध एन्कॉन बिल्डर्स’ (२००३) या निर्णयातही व्यवस्थापकीय संचालकाचा निर्णय अंतिम मानणाऱ्या कलमास हीच वाट दाखविली गेली. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांवर ज्यांनी काही काळ काढला असेल त्यांना ‘अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील’ ही शब्दयोजना परिचित असेल. तिच्यावर विसंबून लवाद मागावयास जाण्यापूर्वी कलमाचा प्रत्येक शब्द या कसोटीवर घासून पाहावा.

(ई) मध्ये लवाद नाहीच. तेथे सरळ दावा लावावा लागतो, आणि माझ्या मते (आ)पेक्षा हे कलम प्रामाणिक आहे.

आता (अ) मध्ये काय उणे आहे तेही पाहू. लवाद कोण नेमणार, याविषयी ते मौन बाळगते. हे मौन घातक नाही. पक्षकारांचे एकमत झाले नाही तर कलम ११ खाली न्यायालयाकडून नेमणूक करून घेता येते. उलट पुष्कळ जुन्या करारांत ‘लवाद म्हणून मुख्य अभियंता किंवा ते नेमतील ती व्यक्ती’ असे असे. ज्याने पैसे द्यावयाचे त्याच्याच माणसाने न्याय करावयाचा, असा हा प्रकार होता. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १२ मध्ये भर घालून पक्षकाराचा कर्मचारी लवाद होण्यास अपात्र ठरविला. ‘पर्किन्स ईस्टमन’ (२०१९) या निर्णयाने पुढचे पाऊल टाकले : वादात हितसंबंध असलेल्या व्यक्तीस एकमेव लवाद एकतर्फी नेमण्याचाही अधिकार उरला नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे सांगितले. जुने छापील नमुने मात्र अजूनही झेरॉक्सच्या दुकानांतून फिरत आहेत.

‘लवादाचे स्थान मुंबई राहील’ हे वाक्यही निरुपद्रवी दिसते. ‘इंडस मोबाइल’ (२०१७) या प्रकरणात मुंबईत वादाचे कारण घडलेले नसतानाही, करारात लवादाचे स्थान मुंबई ठरविल्यामुळे देखरेखीचा अधिकार मुंबईच्या न्यायालयांनाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. नांदेडच्या कंत्राटदाराने ‘स्थान दिल्ली’ या दोन शब्दांवर सही केली, तर त्याचा प्रवासखर्च कोणी मोजायचा?

व्याजाविषयीचे कलमही याच सावधपणाने वाचावे. निवाड्यापूर्वीच्या काळाचे व्याज देण्याचा लवादाचा अधिकार ‘पक्षकारांनी अन्यथा ठरविले नसल्यास’ या अटीने बांधलेला आहे. ‘थकीत रकमेवर कोणतेही व्याज देय होणार नाही’ असे करारात असेल, तर आठ वर्षे थकलेल्या अनामतीवरही त्या काळाचे व्याज मिळणे दुरापास्त होते.

६.५ लवाद-कलम असताना दावा लावला तर

आपल्या उदाहरणातील करारात (अ) हे कलम आहे असे समजू. कंत्राटदाराने ते न पाहता दिवाणी न्यायालयात ११ लाखांचा दावा लावला. दावा लावण्यास मज्जाव नाही. न्यायालयाचे दार बंद झालेले नसते. परंतु प्रतिवादी संस्थेला कलम ८ खाली अर्ज करून ‘हा वाद लवादाकडे पाठवावा’ अशी मागणी करता येते. प्रथमदर्शनी वैध लवाद-करार आढळला, तर न्यायालयाने पक्षकारांस लवादाकडे पाठविले पाहिजे. येथे न्यायालयास ‘पाठविता येईल’ असे नाही. ‘पाठविले पाहिजे’ असे आहे. न्यायालयाचा रस्ता रोखणारे करार सर्वसाधारणपणे करार अधिनियमाच्या कलम २८ नुसार शून्य ठरतात. लवाद-करारास त्याच कलमाने अपवाद केला आहे.

मात्र प्रतिवादीच्या या हक्कास मुदत आहे. वादाच्या गुणदोषांवरील आपले पहिले निवेदन, म्हणजे व्यवहारात लेखी कैफियत, सादर करण्याच्या दिवसापर्यंतच हा अर्ज करता येतो. अर्जासोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते. संस्थेच्या वकिलाने ‘छत गळते, म्हणून पैसे देय नाहीत’ अशी सविस्तर कैफियत दाखल केली आणि सहा महिन्यांनी लवादाची आठवण काढली, तर संधी हुकलेली असते. दावा न्यायालयातच चालतो. अंतरिम मनाईच्या अर्जास दिलेले उत्तर मात्र पहिले निवेदन समजले जात नाही. ‘बूझ अ‍ॅलन’ (२०११) या निर्णयात हे स्पष्ट झाले आहे.

यातून एक गोष्ट निघते. उभय पक्ष गप्प राहिले तर लवाद-कलम आपोआप जागे होत नाही. न्यायाधीश ते स्वतःहून शोधून काढत नाहीत. कोणीतरी ते वेळेवर दाखवावे लागते.

करारात लवाद-कलम नसेल, तर दाव्याचा मार्ग हाच एक मार्ग. बांधकामाच्या करारातून उद्भवणारे वाद वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या व्याख्येत समाविष्ट आहेत आणि २०१८ पासून त्यासाठी किमान मूल्य ३ लाख रुपये आहे. आपल्या उदाहरणातील ११ लाखांचा दावा या वर्गात येतो. अशा दाव्यात तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. ‘पाटील ऑटोमेशन’ (२०२२) या निर्णयाने ही पायरी सक्तीची असल्याचे सांगितले. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जाऊ शकतो. दुसरीकडे प्रतिवादीलाही चालढकल करता येत नाही : समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत आली नाही तर ती देण्याचा हक्क संपतो.

लेखी करारातून निघालेली, ठराविक आणि आकड्यांत निश्चित झालेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीस बचाव करण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वास्तुविशारदाने तपासून मंजूर केलेले ५ लाख १० हजारांचे अंतिम देयक या चौकटीत बसण्याजोगे आहे. तोंडी सांगितलेल्या टाकीचे साडेतीन लाख बसणार नाहीत. रकमांच्या जाती वेगळ्या आहेत, असे आपण ६.२ मध्ये म्हटले, त्याचा उपयोग येथे होतो.

६.६ मुदतीचे घड्याळ

थकलेल्या देयकाच्या प्रकरणांत गुणदोषांवर हरण्याआधी मुदतीवर हरण्याचा धोका असतो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम केल्यापासून ती मोजली जाते. लवादासही हाच अधिनियम लागू होतो. लवादाकडे जावयाचे म्हणून जास्त काळ मिळत नाही.

फरक आहे तो घड्याळ थांबविण्याच्या रीतीत. न्यायालयात दावा दाखल केला की मुदत थांबते. लवादाच्या बाबतीत कलम २१ पाहावे लागते : वाद लवादाकडे सोपवावा अशी मागणी करणारे पत्र प्रतिपक्षास ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असे मानतात. पत्र लिहिल्याचा दिवस नव्हे, मिळाल्याचा. आणि ते पत्र ‘आमचे पैसे द्या’ एवढेच सांगणारे असून चालत नाही. पुढील दोन वाक्यांची तुलना करा :

‘आमचे थकीत ११ लाख रुपये १५ दिवसांत द्यावेत, अन्यथा आम्ही योग्य ती कायदेशीर कारवाई करू.’

‘करारातील कलम १९ अन्वये उपरोक्त वाद आम्ही या पत्राद्वारे लवादाकडे सोपवीत असून, एकमेव लवादाच्या नेमणुकीस आपली संमती ३० दिवसांत कळवावी.’

पहिले वाक्य धमकीचे आहे, दुसरे कृतीचे. पहिल्याने घड्याळ थांबत नाही. अशी दहा धमकीची पत्रे फाइलला लावून तीन वर्षे उलटू देणारे कंत्राटदार थोडे नाहीत. ‘अध्यक्षसाहेबांशी बोलणी चालू आहेत’ एवढ्याने मुदत लांबत नाही. मुदत संपण्यापूर्वी प्रतिपक्षाने सही करून लेखी कबुली दिली, तर मात्र तेव्हापासून नवी मुदत सुरू होते. अंशतः रक्कम दिल्याने आणि त्याची लेखी नोंद असल्यानेही ती सुरू होते. चुकीच्या जागी सद्भावनेने आणि तत्परतेने लढण्यात गेलेला काळ वगळून मागता येतो. पण सद्भावना आणि तत्परता सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

६.७ ‘संपूर्ण रक्कम मिळाली’

एक छोटे वाक्य अनेक मोठे वाद गिळते. अंतिम देयकाचा धनादेश हाती ठेवण्यापूर्वी ‘आमची संपूर्ण रक्कम मिळाली असून आता कोणतेही येणे उरलेले नाही’ अशा छापील कागदावर सही मागितली जाते. मजुरांचा आठवड्याचा पगार द्यावयाचा असलेला माणूस ती करतो. पुढे उरलेल्या रकमेसाठी तो गेला की हाच कागद त्याच्यासमोर धरला जातो. ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघरा पॉलिफॅब’ (२००९) हा निर्णय विम्याच्या दाव्यातला असला तरी न्यायालयाने त्यात अशा पावत्यांची सर्वसाधारण चर्चा केली आहे. दडपणाखाली, आर्थिक कोंडी करून घेतलेली सही वाद संपवीत नाही. स्वखुशीने केलेली सही संपविते. दडपण होते असे नुसते म्हणून भागत नाही. सहीनंतर लगेच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाठविलेले निषेधाचे पत्र आणि दीड वर्षाने सुचलेले निषेधाचे पत्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शक्य असल्यास सहीखालीच ‘जादा कामाची रक्कम वगळून’ एवढे चार शब्द लिहावेत.

६.८ निवाडा झाला, पैसे मिळाले?

लवादाची बाजू घेणारे वेगाचा दाखला देतात. कागदावर ते खरे आहे. मागणी आणि उत्तर यांची निवेदने सहा महिन्यांत पूर्ण व्हावीत आणि तेथून बारा महिन्यांत निवाडा व्हावा. पक्षकारांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात, पुढे न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात निवाड्यानंतरचा प्रवास लांबतो.

दिल्लीतील एक प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने त्रिलोकपुरी येथे मध्यम उत्पन्न गटाची १६८ आणि अल्प उत्पन्न गटाची ५६ घरे बांधण्याचे काम असोसिएट बिल्डर्स या कंत्राटदारास दिले. किंमत ८७,६६,६७८ रुपये, मुदत ९ महिने. काम पूर्ण होण्यास ३४ महिने लागले. उशीर कोणामुळे झाला, हाच वादाचा गाभा. लवादाने उशिराची जबाबदारी प्राधिकरणावर टाकून कंत्राटदाराच्या अनेक मागण्या मान्य केल्या. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी निवाडा कायम ठेवला. खंडपीठाने पुरावा नव्याने तोलून काही मागण्या कापल्या. आणि २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय बाजूस सारून निवाडा पुन्हा उभा केला. पुरावा किती आणि कसा पुरेसा, हे ठरविणे लवादाचे काम. कलम ३४ खालील न्यायालय हे अपिलाचे न्यायालय नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा. न्यायतत्त्व म्हणून हा निर्णय कंत्राटदारांना दिलासा देणारा आहे. तो मिळविण्यासाठी एका ८७ लाखांच्या कामाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही त्याच निर्णयात वाचावयास मिळते.

निवाडा रद्द करण्याचा अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. २०१५ पूर्वी असा अर्ज दाखल होताच निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबत असे. हरलेल्या पक्षाला याहून सोयीचे काय असणार! दुरुस्तीने ही आपोआप मिळणारी स्थगिती काढली. २०१९ साली जुन्या प्रकरणांपुरती ती कलम ८७ द्वारे पुन्हा आणली गेली. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेली, मुंबईची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. शासकीय संस्थांविरुद्ध मिळालेले निवाडे वर्षानुवर्षे अडकून पडतात, हे तिचे गाऱ्हाणे होते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने कलम ८७ रद्दबातल ठरविले. आता स्थगिती हवी असेल तर ती मागावी लागते, आणि न्यायालय रक्कम किंवा हमी भरावयास सांगू शकते. निवाडा हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. त्यासाठी दरखास्त करावी लागते.

शासनाचा कल अलीकडे उलट दिशेस आहे. ३ जून २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत शासकीय खरेदी व कामांच्या करारांत लवाद-कलम सरधोपटपणे घालू नये आणि ते सामान्यतः १० कोटी रुपयांहून कमी मूल्याच्या वादांपुरते ठेवावे, असे सुचविले आहे. याचा अर्थ, मोठ्या शासकीय कामांत पुढील काळात (ई) प्रकारची कलमे अधिक दिसतील आणि वाणिज्यिक न्यायालयांवरील भार वाढेल. आपल्या हाती येणारा छापील नमुना कोणत्या वर्षाचा आहे, हे म्हणूनच पाहावे.

६.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘सोपविण्यात येईल’, ‘सोपविता येईल’, ‘सोपवावा’ आणि ‘सोपविण्यास हरकत राहणार नाही’ या चार क्रियारूपांतील बंधनाची मात्रा स्पष्ट करा. यांपैकी कोणते रूप लवाद-कलमात वापराल? सकारण लिहा.

२. ६.२ मधील कंत्राटदाराच्या वतीने, कलम २१ च्या अपेक्षा पूर्ण करणारे सुमारे १५० शब्दांचे पत्र शिक्षणसंस्थेच्या सचिवांस लिहा. तिन्ही रकमांचा स्वतंत्र उल्लेख करा.

३. पुढील कलमातील दोष सांगून त्याचे पुनर्लेखन करा : ‘काही वाद झाल्यास तो शक्यतो लवाद अथवा न्यायालय यांच्यामार्फत मिटवावा व मालकाने नेमलेल्या लवादाचा निर्णय अंतिम समजावा.’

४. आपल्या घरातील, कार्यालयातील किंवा गावच्या संस्थेतील एखादा बांधकाम अथवा दुरुस्तीचा करार मिळवा. त्यातील वाद-कलम (अ) ते (ई) यांपैकी कोणत्या नमुन्याजवळ जाते ते ठरवा आणि त्या करारात पैसे थकल्यास पहिले पत्र कोणास, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या तारखेपूर्वी पाठवावे लागेल ते लिहा.